व्हिसा मिळाला म्हणजे झालं का? आनंदीबाई, बाबासाहेब, खानखोजे आणि आपली आजची पोरं

जुलै-ऑगस्ट आला की चांदूर रेल्वे, धामणगाव, अमरावती, बडनेरा, कुठंही जा, चौकात एखादा तरी फ्लेक्स दिसतोच. "उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली मामा-काका-मित्रमंडळाचे फोटो. अभिनंदन करायलाच पाहिजे. कोणाच्या बापानं वावर विकलं असतं, कोणी घर बँकेकडे गहाण टाकलं असतं. तीस-चाळीस लाखांचा आकडा आता कोणाला नवा राहिला नाही.

पण राजेहो, या फ्लेक्सच्या मागं एक मोठा गैरसमज आहे. पासपोर्टवर व्हिसा चिकटला म्हणजे काम फत्ते, असं आपण धरून चालतो. व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंत जायची चिठ्ठी. आत राहायचा हक्क वेगळा असतो, आणि तो रोज विद्यार्थी म्हणून वागूनच टिकतो. बरं, ही अट काल-परवाच्या कोण्या राष्ट्राध्यक्षानं काढलेली नाही. ती शंभर वर्षांहून जुनी आहे. ती कशी आली हे समजलं, तर आज आपल्या पोरांनी काय सांभाळायचं हे आपोआप समजतं. म्हणून हा जरा लांबलचक इतिहास.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. त्यांच्याकडं व्हिसा नव्हता, कारण तेव्हा हिंदुस्थानातून येणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसा लागतच नव्हता. अडचणी होत्या त्या सगळ्या इकडच्या: समुद्र ओलांडण्याचा दोष, लोकांची बोलणी, पैसा, तब्येत. अमेरिकन सरकारनं त्यांना "शिकून परत जाणार ना?" असं विचारलं नाही. परत येऊन आपल्या बायकांना औषधोपचार द्यायचे, हे त्यांचं स्वतःचं वचन होतं. दुर्दैवानं २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या.

पुढं तीस वर्षांनी बाबासाहेब. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती होती, दरमहा साडेअकरा पौंड. निघण्याआधी ४ जून १९१३ ला त्यांनी संस्थानाशी करार केला होता: नेमलेला अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. म्हणजे जबाबदारी होती, कागदावर सही होती, पण ती पैसे देणाऱ्या बडोद्याशी. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं आणि करारापोटी बडोद्यात नोकरीवर हजर व्हावं लागलं. तिथं त्यांच्या वाट्याला जो अपमान आला तो आपल्याला माहीत आहे.

आता आपल्या शेजारच्या माणसाकडं येऊ. आपल्याच रेल्वे लाइनीवर धामणगाव, पुलगावच्या पुढं वर्धा. तिथले पांडुरंग सदाशिव खानखोजे. टिळकांच्या प्रेरणेनं घराबाहेर पडलेला हा पोरगा जपानमार्गे अमेरिकेला गेला. ओरेगनच्या कृषी महाविद्यालयात आणि नंतर वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनला शेतीशास्त्र शिकला. त्या काळचे बहुतेक हिंदी विद्यार्थी मिळेल ती मजुरी करून फी भरत. फळबागेत तोडणी, लाकडाच्या गिरणीत काम, हॉटेलात भांडी घासणं. खानखोजेही याच वाटेनं शिकले आणि गिरणीतल्या पंजाबी मजुरांमध्ये मिसळले. १९१३ च्या गदर चळवळीच्या पायाभरणीत त्यांचा हात होता.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं तिचाच संबंध येतो. खानखोज्यांनी ज्या पद्धतीनं फी भरली, तीच पद्धत आज आपल्या पोरानं वापरली, म्हणजे परवानगी न घेता पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात काम केलं, तर त्याचा विद्यार्थी म्हणून राहण्याचा हक्क त्याच दिवशी धोक्यात येतो.

हे बदललं कधी? १९१७ साली. त्या वर्षी अमेरिकेनं कायदा करून आशियाचा मोठा पट्टा, त्यात हिंदुस्थानही आला, स्थलांतरासाठी बंद केला. मजुरांना दार बंद. पण काही वर्गांना सूट ठेवली: शिक्षक, डॉक्टर, व्यापारी, धर्मोपदेशक, प्रवासी आणि विद्यार्थी. सोबत एक अट टाकली. ज्या ओळखीवर आत आलात ती ओळख टिकवली नाही, तर तुम्ही बेकायदा ठरणार आणि बाहेर काढले जाणार. आज आपली पोरं फोनवर "स्टेटस मेंटेन करावं लागते" म्हणतात ना, त्याचं मूळ इथं आहे. विद्यार्थ्यासाठी उघडी राहिली ती खिडकी, आणि आजूबाजूची सगळी दारं बंद. म्हणूनच त्या खिडकीवर एवढा पहारा.

१९२४ च्या कायद्यानं दुसरं पाऊल टाकलं. विद्यार्थी सरकारमान्य संस्थेतच शिकला पाहिजे, केवळ शिक्षणासाठीच आला पाहिजे, आणि त्यानं शिक्षण सोडलं तर संस्थेनं ते सरकारला कळवलंच पाहिजे. नाही कळवलं तर संस्थेची मान्यता जाईल. म्हणजे कॉलेज हे त्या दिवसापासून नुसतं शिकवणारं राहिलं नाही, सरकारला खबर देणारंही झालं. पुढं मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, परदेशी विद्यार्थ्यांच्या पगारी कामावर बंदीचा नियम आला. आपल्या लोकांना बेकारी असताना बाहेरच्यानं काम का घ्यावं, हा त्यामागचा हिशेब.

१९५२ च्या कायद्यात आजचा 'एफ' वर्ग आला. त्यात लिहिलं आहे की विद्यार्थ्याचं मायदेशी घर असलं पाहिजे आणि ते सोडायचा त्याचा इरादा नसला पाहिजे. आणखी एक कलम असं, की येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतोय असं अधिकाऱ्यानं धरून चालावं, आणि तसं नाही हे येणाऱ्यानं पटवून द्यावं. मुंबईच्या वकिलातीत खिडकीपाशी दोन-तीन मिनिटांत पोराला नकार मिळतो आणि हातात २१४-बी चा कागद येतो, तो याच कलमाचा. पोरगा हुशार नव्हता असा त्याचा अर्थ नसतो. त्याला पटवून देता आलं नाही, एवढाच असतो.

यानंतरचा इतिहास म्हणजे एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना, असा आहे. १९७९ मध्ये तेहरानमध्ये अमेरिकन वकिलातीतले लोक ओलीस धरले गेले, तर अमेरिकेतल्या इराणी विद्यार्थ्यांना सरकारी कार्यालयात हजेरी लावायला सांगितलं गेलं. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली स्फोट झाला. त्यात गाडी चालवणारा माणूस विद्यार्थी व्हिसावर येऊन कॉलेज सोडून गेलेला होता. म्हणून १९९६ च्या कायद्यात परदेशी विद्यार्थ्यांची नोंद संगणकावर ठेवायचं ठरलं. पण काम रेंगाळलं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोरांपैकी एक जण इंग्रजीच्या वर्गासाठी विद्यार्थी व्हिसावर आला होता आणि वर्गात गेलाच नव्हता. त्यावर कहर म्हणजे, हल्ल्याला सहा महिने झाल्यावर, मार्च २००२ मध्ये, दोन मेलेल्या हल्लेखोरांना विद्यार्थी दर्जा मंजूर झाल्याची पत्रं फ्लोरिडाच्या विमान प्रशिक्षण शाळेत पोचली. देशभर नाचक्की झाली. २००३ पासून 'सेव्हिस' ही संगणकीय नोंदवही सक्तीची झाली.

आज आपल्या प्रत्येक पोराचं नाव या सेव्हिसमध्ये आहे. कॉलेजातला एक नेमलेला अधिकारी, त्याला डीएसओ म्हणतात, त्यात नोंदी करतो. पोरगा आला का, पूर्ण विषय घेतले का, सोडले का, पत्ता कोणता, सगळं. १९२४ च्या त्या कलमाचंच हे आजचं रूप.

मग सांभाळायचं काय? पदवीच्या विद्यार्थ्यानं सत्रात सहसा किमान १२ क्रेडिट घ्यायचे, मास्टर्सवाल्यानं कॉलेजनं ठरवलेला पूर्ण भार. विषय जड गेला म्हणून सोडायचा असेल, तर आधी डीएसओला विचारायचं, नंतर नाही. सत्र चालू असताना काम करायचं ते कॅम्पसमध्येच, आठवड्याला २० तासांपर्यंत. बाहेरचं काम परवानगीशिवाय नाही, आणि रोखीनं पैसे घेतले तरी ते कामच. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचं. शिक्षण संपल्यावर ६० दिवसांची मुदत असते. त्यानंतर कामाचा अनुभव म्हणून वर्षभराचं ओपीटी, आणि विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी २४ महिने. पण ओपीटी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिला तर दर्जा जातो.

एक बारीक गोष्ट बऱ्याच घरांना माहीत नसते. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख तिकडं असताना संपली, तरी पोरगा बेकायदा होत नाही. बाहेर जाऊन परत यायचं असेल तेव्हाच नवा लागतो. उलट, व्हिसाची तारीख पाच वर्षं पुढं असली आणि सेव्हिसमधली नोंद बंद झाली, तर तो व्हिसा असून नसल्यासारखा.

एजंटच्या तोंडी एक वाक्य नेहमी असतं: "तिकडं गेल्यावर सगळं होते, टेन्शन घेऊ नका." २०११ मध्ये कॅलिफोर्नियातलं ट्राय-व्हॅली नावाचं विद्यापीठ बंद पाडलं गेलं. तिथं बहुतेक विद्यार्थी भारतीय होते आणि काहींच्या पायाला रेडिओ पट्टे बांधले गेले. २०१९ मध्ये मिशिगनचं 'फार्मिंग्टन विद्यापीठ' तर सरकारनंच उघडलेला सापळा निघाला. ना वर्ग, ना प्राध्यापक. तिथं नाव घालून बाहेर काम करणाऱ्या १३० विद्यार्थ्यांना पकडलं, त्यातले १२९ भारतीय होते. आता त्या सापळ्याचं नाव सरकारी मान्यताप्राप्त यादीत होतं, हाही भाग आहे, आणि सरकारनंच असं फसवावं का हा प्रश्न तिकडं अनेकांनी विचारला. पण कर्जाचे हप्ते त्या प्रश्नासाठी थांबत नाहीत.

सगळं नियमानं करूनही माणूस सुटतोच असं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. २०२५ च्या वसंतात हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद केल्या गेल्या. काहींची चूक गाडी चालवतानाच्या किरकोळ दंडाएवढी होती. विद्यार्थी कोर्टात गेले, न्यायाधीशांनी सरकारला धारेवर धरलं, आणि एप्रिलअखेर सरकारला नोंदी पुन्हा चालू कराव्या लागल्या. त्याच मार्चमध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द करून तिला रस्त्यावरून उचललं. तिनं विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात एक लेख सहलेखक म्हणून लिहिला होता. तिलाही शेवटी कोर्टानंच सोडवलं. जून २०२५ पासून व्हिसा मागणाऱ्या विद्यार्थ्यांना आपली सोशल मीडिया खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितलं जातं.

इथं परत खानखोजे आठवतात. त्यांच्या गदरच्या सोबत्यांपैकी हरदयाळांना अमेरिकेनं १९१४ मध्येच हद्दपारीसाठी अटक केली होती. खानखोजे पुढं मेक्सिकोत गेले, मका-गव्हावर मोठं संशोधन केलं. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मायदेशी यायचं ठरवलं, तर इंग्रजांनी बनवलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव तसंच होतं, आणि स्वतंत्र भारताच्या सरकारनं आधी त्यांना परवानगी नाकारली! नंतर ती चूक दुरुस्त झाली, ते नागपूरला आले आणि २२ जानेवारी १९६७ ला तिथंच वारले. ज्या देशासाठी घर सोडलं, त्याच देशात यायला अडवणूक. सरकारी यादीत एकदा नाव चढलं की यादी करणारे गेले तरी नाव राहते, हे आपल्या वर्ध्याच्या माणसानं भोगलेलं आहे.

म्हणून पोरांनी घाबरून घरी बसावं असं अजिबात म्हणणं नाही. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. आपल्या तालुक्यातल्या पोरानंही जावं, जरूर जावं. पण नियम त्याला स्वतःला माहीत पाहिजे, एजंटला नव्हे. आय-२० चा कागद आई-बापानंही एकदा वाचून घ्यावा, समजत नसेल तर पोराकडून समजून घ्यावा. कॉलेज खरंच वर्ग भरवते का, हे तिथं शिकलेल्या दोघा-चौघांना विचारावं. आणि महिन्याचा खर्च कॅम्पसवरच्या २० तासांत भागत नसेल, तर तो हिशेब निघण्याआधी इथंच, ओसरीवर बसून करावा. तिकडं जाऊन पोरगा पेट्रोल पंपावर उभा राहील आणि आपलं वावर सुटेल, या भरवशावर नाही.

तुमच्या घरातलं, शेजारचं कोणी निघालं असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. फ्लेक्स लावाच, पण त्याआधी हे बोलणं होऊन जाऊ द्या.