उपदंशाचा जंतू आणि ससा

उपदंशाचा जंतू माणसाच्या शरीराबाहेर तगत नसे. त्यामुळे त्याच्यावरचे औषध शोधायचे, तर आधी तो रुजेल असा प्राणी हवा होता. 1903 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेच्निकॉफ आणि रू यांनी रुग्णाच्या व्रणातला स्राव चिंपांझीला टोचला आणि तिथे तसाच व्रण उठला. पण चिंपांझी दुर्मीळ आणि महाग. 1905 मध्ये बर्लिनला शौडिन आणि हॉफमन यांनी मळसूत्रासारखा तो जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. पुढच्याच वर्षी इटलीच्या बेर्तारेल्ली यांनी तो सशाच्या डोळ्यात रुजवला आणि 1907 मध्ये पारोदी यांनी वृषणात. वृषणाची जागा कायम झाली, कारण या जंतूला 33 ते 35 अंश सेल्सिअस तापमान मानवते. सशाचे अंग 39 अंशांच्या आसपास असते, वृषण त्याहून थंड.

मग औषधांचा शोध वेगाने पुढे सरकला. 1909 मध्ये फ्रँकफर्टला एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत जपानी शास्त्रज्ञ हाता यांनी 606 क्रमांकाचे आर्सेनिकयुक्त रसायन उपदंश झालेल्या सशांना दिले. व्रण भरून आले. वर्षभरात ते 'साल्वर्सान' नावाने बाजारात आले.

1912 मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका रुग्णाच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातून निकोल्स यांनी मिळवलेला वाण तेव्हापासून एका सशातून दुसऱ्यात टोचत पिढ्यान्‌पिढ्या जगवला गेला. 1998 मध्ये उलगडलेला या जंतूचा जनुकसंच याच वाणाचा. 2018 मध्ये तो अखेर प्राण्याबाहेर दीर्घकाळ वाढवता आला, तोही सशाच्याच पेशींच्या सोबतीने.

पेनिसिलिनने हा आजार बरा होतो, तरी गर्भवतीकडून बाळाला आजही होतो. म्हणून लस हवी. ती शक्य आहे याचा पुरावाही सशानेच दिला. 1973 मध्ये मिलर यांनी सशांना किरणांनी निष्प्रभ केलेल्या जंतूंची 60 इंजेक्शने 37 आठवड्यांत दिली आणि ते ससे पुढच्या संसर्गापासून पूर्ण वाचले. इतकी इंजेक्शने माणसाला देणे व्यवहार्य नाही. पण शरीराला हा जंतू रोखायला शिकवता येते, एवढे त्या प्रयोगाने सिद्ध केले. त्यासाठी असंख्य मुक्या जिवांनी वेदना सोसली आहे. ती सार्थकी लावायची, तर लसीचे काम अर्ध्यावर सोडता येणार नाही.