एकाच गटारातली दोन कुळं

डुकराच्या एका पिल्लाने मला या विषयात ओढलं. ‘हेपॅटायटिस ई’ या काविळीच्या विषाणूविषयी वाचत असताना 2004 सालचा एक शोधनिबंध हाती आला. त्यात किर्गिझस्तानातल्या विषाणूची पूर्ण जनुकीय संहिता दिली होती. हा विषाणू एका पिल्लातून घेतलेला होता. त्या पिल्लाला माणसाच्या काविळीची लागण प्रयोगशाळेत मुद्दाम करण्यात आली, अशी इतकी वर्षं समजूत होती. संहिता वाचल्यावर निघालं भलतंच. पिल्लाच्या अंगातला विषाणू डुकरांच्याच कुळातला होता. माणसाचा विषाणू त्याला टोचला होता खरा, पण रुजला होता तो त्याच्याच जातीचा.

हा प्रयोग ज्यांचा, ते मिखाइल बलायान या विषयातले आद्यपुरुष. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैनिकांत काविळीची साथ आली होती. नमुने मॉस्कोपर्यंत नीट पोचवायचे कसे, हा प्रश्न होता. बलायान यांना ‘ए’ प्रकारची कावीळ पूर्वी होऊन गेलेली होती, म्हणजे तिची त्यांना पुन्हा भीती नव्हती. त्यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतःच पोटात घेतला आणि छत्तिसाव्या दिवशी ते आजारी पडले. मग स्वतःच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना विषाणूचे गोल कण दिसले. 1983 साली हे प्रसिद्ध झालं. इथवरची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. याच बलायान यांनी 1990 मध्ये मध्य आशियातल्या रुग्णांचा विषाणू डुकराच्या पिल्लांत वाढवल्याचं जाहीर केलं, ही पुढची गोष्ट मात्र क्वचितच कुणी सांगतं. माणसाची ही कावीळ डुकराला होते, म्हणजे डुकराची माणसालाही होत असणार, या तर्काला तिथून बळ मिळालं.

हा तर्क आपल्याकडे खरा की खोटा, याचा निकाल पुण्यात लागला. माझ्या लेखी या कुळकथेतलं सर्वांत महत्त्वाचं पान तेच आहे.

त्या पानापर्यंत जायला दिल्लीवरून जावं लागतं. नोव्हेंबर 1955 मध्ये यमुनेचा पूर ओसरला, प्रवाहाने जागा बदलली आणि नजफगढ नाल्याची घाण वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत उलटी आली. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवलं. त्याने जिवाणू मेले, त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही. विषाणू मात्र तगला. पाच-सहा आठवड्यांनी शहरात काविळीचे सुमारे 29,000 रुग्ण झाले आणि गरोदर बायका त्यात जास्त दगावल्या. तेव्हा सगळ्यांनी याला ‘ए’ प्रकार मानलं, कारण पाण्यातून येणारी दुसरी कावीळ कुणाला ठाऊकच नव्हती.

‘ए’ची खात्रीशीर तपासणी आली ती 1973 मध्ये तो विषाणू दिसल्यानंतर. मग जुने रक्तनमुने बाहेर निघाले. अमेरिकेतल्या रॉबर्ट पर्सेल यांच्या गटाने आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या श्रीनिवासन, खोर्शेद पावरी वगैरे शास्त्रज्ञांनी मिळून दिल्ली, अहमदाबाद आणि पुणे इथल्या साथींतलं साठवलेलं रक्त तपासलं. त्यात ‘ए’ नव्हता, ‘बी’ही नव्हता. हे 1980 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्याच वर्षी काश्मीरच्या साथीवरून महंमद सुलतान खुरू हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले. पंचवीस वर्षं बर्फात पडून राहिलेल्या रक्ताने एका रोगाचं निदान बदललं. नमुने जपून ठेवणाऱ्या माणसांचं नाव शोधनिबंधावर सहसा येत नाही, म्हणून त्यांचा उल्लेख इथे मुद्दाम करतो.

1990 मध्ये विषाणूच्या जनुकाचा तुकडा हाती आला, पुढच्या वर्षी पूर्ण संहिता. आरएनएची एकच साखळी, सुमारे 7,200 अक्षरांची. अक्षरं हाती आली की वंशावळ मांडता येते. कुणाची किती अक्षरं जुळतात, यावरून कोण कोणाचा सख्खा आणि कोण चुलत हे ठरतं.

1997 मध्ये अमेरिकेतल्या डुकरांत या विषाणूचा भाऊबंद सापडला. तिथल्या मोजक्या रुग्णांतला विषाणू या डुकरांच्या विषाणूशी जुळला. 2003 मध्ये जपानात हरणाचं कच्चं मांस खाल्लेल्यांना कावीळ झाली. उरलेलं मांस गोठवून ठेवलेलं होतं, त्यातला विषाणू आणि रुग्णांतला विषाणू जुळले. डुकराच्या अर्धकच्च्या यकृताबद्दलही तसंच पुढे आलं. हा जनावरांकडून येणारा रोग आहे, असं जगभर बोललं जाऊ लागलं. तिथल्यापुरतं ते बरोबरच होतं.

पुण्याच्या संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी जनावरांचं रक्त पाहिलं. डुकरांत प्रतिपिंडं भरपूर निघाली, काही गुरांत, कुत्र्यांत आणि उंदरांतही मिळाली. आपल्याकडे नाल्याकाठी मोकाट हिंडणारं डुक्कर आणि त्याच नाल्याशेजारून गेलेली पाण्याची नळी हे दृश्य नवीन नाही. आरोपी समोरच उभा होता. पण प्रतिपिंडं एवढंच सांगतात की या कुळातला कुणीतरी येऊन गेला. तो कोणत्या शाखेचा, ते सांगत नाहीत. त्यासाठी विषाणूची अक्षरंच वाचावी लागतात, आणि या गटाने ती वाचली. 2002 साली निष्कर्ष आला: पश्चिम भारतातल्या माणसांत पहिला जीनोटाइप, म्हणजे जनुकीय प्रकार, डुकरांत चौथा. भारतातल्या 1976 ते 1993 या काळातल्या मानवी नमुन्यांची वंशावळ त्यांनी आधीच मांडली होती, तीही पहिल्यातच बसली होती. पुढे दक्षिण भारतातल्या डुकरांतही चौथाच निघाला.

हा चौथा प्रकार चीन आणि तैवानमध्ये माणसांना कावीळ करतो. म्हणजे तो माणसाला चढू शकत नाही असं नाही. तरी आपल्या साथींत दिसतो तो पहिलाच. एकाच गटारात दोन कुळं नांदतात आणि त्यांची आपसात सोयरीक नाही!

याविरुद्ध बलायान यांची पिल्लं उभी होती. पण अमेरिकेतल्या शियांग-जिन मेंग यांनी डुकरांना पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचा मानवी विषाणू टोचून पाहिला होता. लागण झाली नाही. आणि मग 2004 मध्ये त्या पिल्लाची संहिता वाचली गेली. त्यातून तिसरा, म्हणजे डुकरांत सर्रास असणारा जीनोटाइप निघाला. पिल्लू आधीपासूनच बाधित असावं किंवा प्रयोगाच्या काळात त्याला बाहेरून लागण झाली असावी. बलायान यांना दोष देण्यात अर्थ नाही. डुकराचा स्वतःचा असा विषाणू असतो हे 1990 मध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

मग दोन साथींच्या मधल्या काळात पहिला प्रकार राहतो कुठे? माझं ठाम मत असं की तो माणसांतच राहतो, सांडपाण्याच्या आधाराने. पुण्यातच झालेल्या एका अभ्यासात सांडपाण्याशी रोजचा संबंध येणाऱ्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जणांत याची प्रतिपिंडं होती. इतरांत ती साधारण पाचात एकाकडे. साथ नसतानाही सुटे रुग्ण येतच असतात. एवढी साखळी पुरेशी आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे आणि तोही पुण्याच्याच आकड्यांतून येतो. 1982 आणि 1992 सालचं पुणेकरांचं रक्त तपासलं, तेव्हा ‘ए’ बहुतेकांना बालपणीच होऊन गेलेला दिसला. ‘ई’ची प्रतिपिंडं मात्र मुलांत कमी आणि तरुण वयात वाढलेली. दोन्ही त्याच घाणीतून येतात, तर ‘ई’ मुलांना का गाठत नाही? माझं उत्तर असं: ‘ई’ची लागण व्हायला विषाणू जास्त प्रमाणात पोटात जावा लागतो. घरातल्या एका रुग्णाकडून दुसऱ्याला तो क्वचितच होतो, ही गोष्ट याला धरूनच आहे. थेंबभर घाणीने ‘ए’ होतो. ‘ई’ला फुटलेली नळी लागते.

इथून पुढे मी थोडा अधिक धीट होतो. पर्डी आणि खुद्याकोव्ह यांनी 2010 मध्ये अक्षरबदलाच्या वेगावरून हिशोब मांडला. त्यांच्या मते सगळ्या ‘ई’ प्रकारांचा समान पूर्वज 536 ते 1344 वर्षांपूर्वीचा. त्याच्यापासून माणसांची एक शाखा निघाली, पहिल्या आणि दुसऱ्या जीनोटाइपची. आणि जनावरांची दुसरी, तिसऱ्या आणि चौथ्याची. एकट्या पहिल्या जीनोटाइपचा पूर्वज मात्र अवघा 87 ते 199 वर्षांपूर्वीचा. हा काळ नळाच्या पाण्याचा आहे. विहार तलावाचं पाणी मुंबईत आलं 1860 साली. एका टोकाला पाणी शिरलं की हजारो घरांत एकदम पोचेल अशी व्यवस्था त्याआधी आपल्या शहरांत नव्हती. पहिला जीनोटाइप हा नळ आणि गटार शेजारी-शेजारी पुरणाऱ्या शहराने पोसलेला विषाणू आहे, असं माझं म्हणणं आहे. असली रेणवीय घड्याळं जुना काळ आखडून दाखवतात, असं प्रतिपक्ष म्हणतो, आणि मूळ पूर्वजाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला पटतं. अलीकडच्या फांदीच्या बाबतीत तेवढं पटत नाही.

माणसाशी बांधलं गेल्याची खूण या शाखेच्या अंगावरही आहे. 2016 मध्ये फरिदाबादच्या मिलन सुरजित यांच्या गटाने दाखवलं की पहिला जीनोटाइप एक चौथं प्रथिन बनवतो. पेशी ताणाखाली असताना ते तयार होतं आणि विषाणूच्या वाढीला मदत करतं. बाकीच्यांचं काम तीन जनुकांवर चालतं.

आणि उसनवारी? तीही या घराण्यात आहे. एचआयव्हीबाधित रुग्णातून मिळालेल्या तिसऱ्या जीनोटाइपच्या एका वाणात माणसाच्या रायबोसोममधल्या ‘एस17’ प्रथिनाच्या जनुकाचा तुकडाच शिरलेला सापडला, सुमारे पावणेदोनशे अक्षरांचा. तो तुकडा घेतलेला विषाणू प्रयोगशाळेत माणसाच्याच काय, डुकराच्या आणि हरणाच्या पेशींतही वाढला. म्हणजे कुळांमधली भिंत कायमची नाही. एखादा उसना तुकडा ती ओलांडायला पुरतो. त्याहून लांबचं नातं 1992 मध्ये यूजीन कूनिन यांच्या गटाने दाखवलं होतं: या विषाणूच्या प्रथिनांची मांडणी रुबेलाशी आणि बीटच्या मुळांना रोग करणाऱ्या एका विषाणूशी जुळते.

वंशावळीत एक फांदी रिकामी आहे. अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या 17 साथींचे जुने नमुने तपासून 1994 मध्ये लिहिलं की 16 साथींत ‘ई’ होता. उरलेली साथ अंदमानची. तिथे ‘ए’ही बसला नाही आणि ‘ई’ही. पाण्यातून येणारा तिसरा कुणी असावा, असा त्यांनी कयास केला. तो कोण, याची नोंद वंशावळीत अजून व्हायची आहे.

लशीच्या बाबतीत मात्र कुळाचा भेद आड येत नाही. पहिल्या जीनोटाइपपासून बनवलेली लस चीनमध्ये एक लाखाहून अधिक लोकांच्या चाचणीत तपासली गेली. तिथे चौथाही फिरतो, आणि लस उपयोगी ठरली. 2011 मध्ये तिला तिथे परवाना मिळाला. 2022 मध्ये दक्षिण सुदानच्या बेंटिऊ इथल्या छावणीत साथ आवरायला ती पहिल्यांदा वापरली.

कोल्हापूर, इचलकरंजी, कानपूर, जिथे जिथे अशी साथ येते, तिथे गरोदर बायकांना सर्वांत मोठा धोका असतो. शेवटच्या तिमाहीत पाचातली एक, कधी चारातली एक दगावते. तेव्हा तुमच्या गावात साथ आली, तर पालिकेला डुकरांच्या मागे लागू देऊ नका. नळ आणि गटार कुठे एकमेकांना छेदतात त्याचा नकाशा मागा, आणि घरात गरोदर बाई असेल तर त्या दिवसापासून तिला उकळलेलंच पाणी द्या.