उवा जायला किती दिवस लागतात?

मेडिकलच्या दुकानात खोकल्याचे औषध लोक मोठ्याने मागतात, उवांचे मात्र हळू आवाजात. बाजूला ओळखीचे कोणी उभे नाही ना, हे पाहून आई विचारते, ''एका धुण्यात जातील ना?'' दुकानदार मान हलवतो, बाटली कागदात गुंडाळून देतो. दहा-बारा दिवसांनी मुलगी पुन्हा डोके खाजवू लागते. मग औषध बनावट ठरते, शेजारची मुलगी दोषी ठरते, नाहीतर आपलीच मुलगी घाणेरडी ठरते. बहुतेक वेळा चुकलेला असतो तो दिवसांचा हिशेब.

हा हिशेब आधी मांडू. मादी केसाच्या मुळाशी रोज सात-आठ अंडी चिकटवते. या लिखा. लीख फुटून पिल्लू बाहेर यायला सात ते दहा दिवस लागतात. ते पिल्लू तीनदा कात टाकते आणि नऊ ते बारा दिवसांत अंडी घालण्याजोगे होते. पुढे ती ऊ डोक्यावर महिनाभर जगू शकते, पण डोक्यावरून खाली पडली तर रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते. म्हणजे आज डोक्यातल्या सगळ्या उवा मेल्या, तरी लिखा शिल्लक असतील तर आठवड्याने नवी पिढी हजर. म्हणून खरे उत्तर एक दिवस असे नाही. नेटाने केले तर दोन आठवडे, आणि खात्री होईपर्यंत साधारण तीन. माणसाने हा काळ कमी करायचा प्रयत्न हजारो वर्षे केला. त्या प्रयत्नांचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

इस्रायलमधील लाकीश या प्राचीन नगराच्या उत्खननात हस्तिदंताची एक छोटी फणी सापडली. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब. एका बाजूला सहा जाड दात, गुंता सोडवायला. दुसऱ्या बाजूला चौदा बारीक दात, उवा-लिखा काढायला. आपल्याकडे आजीच्या डब्यात असायची तशीच दुहेरी फणी. तिच्यावर कनानी लिपीत सतरा अक्षरे कोरलेली आहेत, हे २०२१ मध्ये लक्षात आले आणि २०२२ मध्ये ते वाचन प्रसिद्ध झाले. या हस्तिदंताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जाव्यात, अशा अर्थाची ती इच्छा आहे. अभ्यासक फणीचा काळ इसवी सनापूर्वी १७०० च्या सुमाराचा मानतात. कनानी वर्णलिपीत लिहिलेले हे सर्वात जुने पूर्ण वाक्य. राजाचा विजय नाही, देवाची स्तुती नाही, उवांचा त्रास! आणि तोही श्रीमंताघरचा, कारण त्या प्रदेशात हत्ती नव्हते, हस्तिदंत बाहेरून आणावा लागे. उवा गरिबाघरी होतात, हा समज या एका फणीनेच मोडीत निघतो.

आपल्या भाषेतही ऊ जुनीच आहे. संस्कृत 'यूका'पासून 'ऊ' आणि 'लिक्षा'पासून 'लीख'. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबी मोजण्याचे जे कोष्टक आहे, त्यात आठ लिक्षांची एक यूका आणि आठ यूकांचा एक यव. सगळ्यांनी पाहिलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली वस्तूच माप म्हणून चालते. त्या काळी ऊ आणि लीख ओळखत नाही असा माणूस नसणार.

इस्लामच्या इतिहासात ऊ एका महत्त्वाच्या जागी भेटते. हिजरी सन ६, म्हणजे इसवी सन ६२८. प्रेषित मुहम्मद (स.) सुमारे चौदाशे साथीदारांसह उमऱ्यासाठी निघाले होते. मक्केच्या कुरैशांनी वाट अडवली आणि काफिला हुदैबिया येथे थांबला. सगळे एहरामच्या अवस्थेत होते. या अवस्थेत केस कापता येत नाहीत, डोके मुंडता येत नाही. मुक्काम लांबत चालला. हजरत कअब बिन उजरा हे सहाबी चुलीवर हंडी ठेवून जाळ घालत बसले होते आणि त्यांच्या डोक्यातून उवा चेहऱ्यावर गळत होत्या. प्रेषितांनी (स.) ते पाहिले आणि विचारले, की या किड्यांचा तुला त्रास होतो आहे का? कअब 'हो' म्हणाले. त्याच प्रसंगी सूरह अल-बकराची १९६वी आयत अवतरली. आजारी असलेल्याने किंवा डोक्याला त्रास असलेल्याने मुंडण करावे आणि त्याबदल्यात फिदिया द्यावा. तीन दिवसांचे रोजे, किंवा सहा गरिबांना जेवण, किंवा एका बकरीची कुर्बानी. तिन्हींपैकी जे जमेल ते.

या प्रसंगातून फिक्हच्या ग्रंथांत पुष्कळ नियम निघाले. मला त्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. 'एवढ्या उवा झाल्याच कशा?' असे तिथे कोणी विचारले नाही. विचारले ते एवढेच, की त्रास होतो आहे का? एहरामचा नियम मोठा होता, तरी माणसाच्या त्रासासाठी त्याला वाट करून दिली गेली. पुढे अनेक वर्षांनी कूफ्याच्या मशिदीत कोणीतरी फिदियाबद्दल विचारले, तेव्हा खुद्द कअब यांनीच हा किस्सा सांगितला. आयत माझ्या निमित्ताने आली, पण ती तुम्हा सर्वांसाठी आहे, असे ते म्हणाले. स्वतःच्या डोक्यातल्या उवांची गोष्ट भर मशिदीत सांगताना त्यांना संकोच वाटला नाही. हदीसमध्ये असाच आणखी एक प्रसंग आहे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ आणि हजरत जुबैर यांनी एका मोहिमेत उवांची तक्रार केली, तेव्हा पुरुषांना एरवी मना असलेला रेशमी सदरा घालण्याची त्यांना परवानगी मिळाली. दोघेही मोठ्या दर्जाचे सहाबी. उवांमुळे त्यांचा दर्जा कमी झाला नाही.

पुरुषाचे मुंडण हा एका दिवसाचा इलाज आहे, कारण केसांबरोबर लिखाही जातात. हजमध्ये बाईला मुंडण नाही, बोटाच्या पेराएवढे केस कापले की पुरे. घरीही मुलीचे लांब केस राखायचे असतात. त्यामुळे तिच्या वाट्याला फणी आली, आणि फणी धरणाऱ्या हातांच्या वाट्याला वेळ. दुपारी उंबऱ्यावर पुढे-मागे बसलेल्या आजी, आई, मुलगी, नखाने लीख चिरडल्याचा तो बारीक आवाज, हे दृश्य मोहल्ल्यात आणि वाड्यात सारखेच. दखनी बोलणाऱ्या घरात तिला 'जूं' म्हणतात, एवढाच फरक. हे बायकांचे काम असल्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत त्याची नोंद नाही.

उवा येतात कुठून, याबद्दल मात्र पंडितही शतकानुशतके चुकत होते. मनुस्मृती यूकेची गणना घामातून जन्मणाऱ्या, म्हणजे स्वेदज जिवांत करते. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलचेही मत होते, की उवा प्राण्याच्या शरीरातूनच निपजतात. घाम आणि मळ यांतून ऊ होते, या समजाची मुळे इतकी खोल आहेत. सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक आला. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली आपल्या पुस्तकात उवेचे हातभर लांब चित्र छापले. हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी तर जिवंत उवा पायमोज्यात ठेवून तो मोजा स्वतःच्या पायात घातला, आणि त्या किती अंडी घालतात, पिल्ले कधी निघतात हे मोजले. शेवटी त्यांनाही किळस आली आणि त्यांनी मोजा फेकून दिला. पण ऊ उवेच्या अंड्यातूनच येते आणि तिला ठरावीक दिवस लागतात, हा हिशेब तिथून पक्का होत गेला.

विसाव्या शतकात उवेचे नाव मरणाशी जोडले गेले. १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये शार्ल निकोल यांनी दाखवून दिले, की टायफस हा ताप अंगावरच्या उवा पसरवतात. त्यासाठी त्यांना १९२८ चे नोबेल मिळाले. येथे एक फरक ध्यानात ठेवावा. टायफस पसरवणारी ती कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरची ऊ. डोक्यातली ऊ खाज आणते, झोप मोडते, पण साथ पसरवत नाही. हा फरक सांगण्यापेक्षा विसरण्यात काहींचा फायदा होता. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी व्याप्त पोलंडमध्ये ज्यू, उवा आणि टायफस यांना एकाच ओळीत बसवणारी भित्तिपत्रके लावली. ज्यूंना वॉर्साच्या घेट्टोत भिंतीआड कोंडले, अन्न, पाणी, साबण तोडला, साथ आणली, आणि वर त्यांनाच साथीचे कारण ठरवले. एखाद्या समाजाला घाणेरडा म्हणण्याची सुरुवात साध्या शब्दाने होते, ती कुठवर जाते हे त्या भिंतींनी दाखवले.

त्याच युद्धात डीडीटी आले. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरात दहा लाखांहून अधिक लोकांवर ही पावडर फवारली गेली आणि टायफसची साथ आटोक्यात आली. ऊ आता इतिहासजमा होणार असे वाटले. पण काही वर्षांतच, कोरियाच्या युद्धात, डीडीटीला दाद न देणाऱ्या उवा आढळल्या. पुढे डोक्यातल्या उवांसाठी परमेथ्रिन आले. १९९० च्या दशकात त्यालाही न जुमानणाऱ्या उवांच्या नोंदी इस्रायल, ब्रिटन, अमेरिका अशा देशांतून येऊ लागल्या. औषध निरुपयोगी झाले असे नाही. पण 'एका धुण्यात' हा भरवसा गेला.

आणि मग माणूस पुन्हा फणीकडे वळला. २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक चाचणी छापून आली. ओल्या केसांत बारीक फणी फिरवण्याची ठरावीक पद्धत वापरलेल्या मुलांपैकी ५७ टक्के उवामुक्त झाली. दुकानातले कीटकनाशक औषध एकदाच वापरलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. लाकीशची ती फणी जवळपास चार हजार वर्षांनी पुन्हा कामी आली म्हणा ना.

पद्धत सोपी आहे. केस धुऊन ओलेच ठेवावेत, कंडिशनर लावावे, मोठ्या कंगव्याने गुंता सोडवावा, मग बारीक दातांची फणी टाळूपासून टोकापर्यंत बट-बट करून फिरवावी आणि दर वेळी पांढऱ्या कापडावर पुसावी. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी. चार-चार दिवसांचे हे अंतर उगीच नाही. नव्याने फुटलेले पिल्लू अंडी घालण्याजोगे व्हायच्या आधीच फणीत सापडते, म्हणून पुढची पिढी तयारच होत नाही. सतराव्या दिवशी पुन्हा तपासावे. काही सापडले नाही, तर सुटलो. परमेथ्रिनचे एक टक्का औषध वापरायचे असेल तर दहा मिनिटे ठेवून धुवावे आणि साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावावे. तान्हे मूल किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी पाहावीत, नाहीतर बहिणीच्या उवा जातात आणि भावाच्या डोक्यातून परत येतात. उशी, ओढणी, टोपी गरम पाण्यात धुतली की पुरे. टाळूपासून बोटभर दूर गेलेली लीख बहुधा रिकामे टरफल असते, तिला पाहून घाबरू नये.

दोन घरगुती उपाय मात्र टाळावेत. रॉकेल लावल्याने भाजून मुली दगावल्या आहेत. सीताफळाच्या बियांची पूड खरेच उवा मारते, पण डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा करते, आणि डोके धुताना ती डोळ्यांत जातेच.

राहिला शरमेचा भाग. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोके लागले की चालत जाते. स्वच्छ केसही तिला चालतात. शेजारी बसून पुस्तकात डोके घालणाऱ्या, एका अंथरुणावर झोपणाऱ्या, गळ्यात गळे घालणाऱ्या मुलींना ती होते. ओढणी किंवा हिजाब घेतल्याने उवा होतात, असे वर्गात सहज बोलले जाते, पण ऊ कापडात नाही, केसांत राहते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर स्पष्ट सांगते, की उवा किंवा लिखा आहेत म्हणून निरोगी मुलाला शाळेतून घरी पाठवू नये. आपल्याकडे अजूनही मुलीला शेवटच्या बाकावर बसवले जाते, दोन वेण्या कापून टाकल्या जातात. मग पुढच्या वेळी ती खाजवायचे टाळते, घरी सांगत नाही, आणि तीन आठवड्यांचे काम तीन महिन्यांवर जाते.

तुमच्या घरात, वर्गात, मदरशात एखादी मुलगी डोके खाजवताना दिसली, तर तिला हुदैबियातला तोच प्रश्न विचारा. त्रास होतो आहे का? ती 'हो' म्हणाली की तिला पुढ्यात बसवा, फणी घ्या आणि कॅलेंडरवर चार तारखांना खूण करा.