नाण्याचा बट्टा, माणसाच्या माथी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझे वडील नागपूरच्या इतवारीत सराफा ओळीत एका पेढीवर मुनीम होते. शाळा सुटली की मी महालातल्या घरून चालत त्यांच्याकडे जाई आणि गादीच्या कडेला बसून राही. त्या पेढीवर दिवसातून पन्नास वेळा ऐकू येणारा शब्द होता ‘खोट’. गिऱ्हाईक मोडीला बांगडी आणी. कसोटीच्या काळ्या दगडावर तिची रेघ ओढली जाई, आम्लाचा थेंब पडे आणि वडील शांतपणे म्हणत, ‘‘दोन आणे खोट आहे.’’ त्यात राग नव्हता की हिणवणे नव्हते. पावसाळ्यात कोणी ‘‘बाहेर पाऊस आहे’’ म्हणावे, तसा सूर. गिऱ्हाईकही वाईट वाटून घेत नसे. खोट वजा होऊन पैसे मिळत आणि व्यवहार पुरा होई.

हाच शब्द मी आमच्या घरात पहिल्यांदा ऐकला तो १९६९ साली. माझी मोठी बहीण, आमची ताई, तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा पाय अधू राहिला होता. स्थळ घेऊन आलेल्या मावशीबाईंनी चहाची बशी खाली ठेवत विचारले, ‘‘पोरगी तर गुणाची आहे हो भाऊ, पण काही खोट तर नाही ना?’’ पेढीवर पन्नास वेळा तो शब्द उच्चारणारे माझे वडील त्या दिवशी पार गप्प झाले. आज मला बोलायचे आहे ते त्या शब्दाने इतवारी ते महाल असा जो प्रवास केला त्याविषयी.

मराठीत उणेपणा सांगणारे शब्द मोजायला घेतले तर हाताची बोटे पुरत नाहीत. खोट, दोष, डाग, व्यंग, कसर, उणीव, ऐब, बट्टा, वैगुण्य. गंमत अशी की यांतले बरेचसे शब्द सराफाच्या दुकानातून नाहीतर हिशेबाच्या वहीतून आलेले आहेत. ‘कसोटी’ हा तर सरळ दगडच. संस्कृतात घासण्याला ‘कष’ म्हणत, त्यावरून कस आणि कसोटी. बावन्न कसांना उतरेल ते बावनकशी सोने, आणि कसाला कमी पडेल ते हीणकस. आज आपण एखाद्याच्या शेऱ्याला हीणकस म्हणतो, तेव्हा त्या काळ्या दगडाची आठवण कोणालाही राहत नाही. मोल्सवर्थने आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध केला आणि १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. त्या कोशात ‘खोट’ या शब्दाखाली धातूचा न घडवलेला गोळा असाही अर्थ दिलेला आहे. म्हणजे ज्याचे अजून काही बनलेले नाही, अशी वस्तू. हा अर्थ आता मागे पडला आहे, पण आपण तो लक्षात ठेवू. पुढे त्याचे काम पडणार आहे.

‘डाग’ घ्या. कपड्यावर पडतो तो डाग, चारित्र्यावर लागतो तोही डाग. पण सोनाराकडे दोन तुकडे सांधायचे असले की तो डाग देतो. घराची दुरुस्ती म्हणजे डागडुजी. आणि घरातल्या सोन्यानाण्याला आपण डागडागिने म्हणतो. कलंक, सांधा आणि अलंकार या तिन्ही गोष्टी मराठी माणसाने एकाच शब्दात ठेवल्या.

सगळ्यांत बोलका शब्द मात्र ‘बट्टा’. नावाला बट्टा लागला, घराण्याला बट्टा लावला, असे आपण म्हणतो, तेव्हा आपण जुन्या चलनबाजाराची भाषा बोलत असतो. अठराव्या शतकात या देशात एकच एक रुपया नव्हता. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात नागपुरी रुपया चाले, पेशव्यांच्या मुलखात चांदवडी आणि अंकुशी, तर शेजारच्या वऱ्हाडात पुढे निजामाचा हाली सिक्का. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा. शिवाय नाणे हातोहाती फिरून झिजते. त्यामुळे एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात द्यायचा तर सराफ काहीतरी कापून घेई. ही कपात म्हणजे बट्टा. इंग्रजांनाही हा शब्द इतका वापरावा लागला की १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तो जाऊन बसला.

बंगालमध्ये तर याहून मौज होती. नवे कोरे नाणे ‘सिक्का’ म्हणून पूर्ण किमतीला चाले. पण त्यावर बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष कोरलेले असे. दोन-तीन वर्षे उलटली की तेच नाणे ‘सनवात’ ठरे आणि त्याला बट्टा लागे. नाणे झिजलेले नसले तरीही. त्याचा दोष एवढाच की त्याचे वय झाले. या कटकटीवर उपाय म्हणून कंपनी सरकारने अखेर शाह आलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्षच नाण्यांवर कायमचे कोरायला घेतले. वर्षे जात राहिली, पण नाण्याचे वय वाढेना. पुढे १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकसारखा रुपया आला. वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. म्हणजे त्या प्रमाण रुपयातही बाराव्या हिश्शाइतकी भेसळ होतीच. ती नसती तर नाणे मऊ राहून लवकर झिजले असते.

यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बट्टा लागलेले नाणे कोणी फेकून देत नसे. बट्टा ही शिक्षा नव्हती, ती किंमत होती. उणे किती आहे ते मोजायचे, तेवढे वजा करायचे आणि उरलेल्या किमतीला ते नाणे पुन्हा बाजारात फिरते ठेवायचे. आजही आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमात फाटक्या नोटेचा किती भाग शिल्लक आहे हे मोजून पूर्ण, अर्धी किंवा शून्य किंमत ठरते. बाजाराला माणुसकी नसते असे आपण म्हणतो. पण निदान तो मोजतो तरी.

आपले जुने गणितही असेच निकोप होते. एकोणीस म्हणजे काय? वीसला एक ऊन, एक कमी. पाऊण म्हणजे पूर्णाला पाव कमी. या ‘ऊन’वरूनच उणे आणि उणीव हे शब्द आले. कसर हा अरबी शब्द, त्याचा मूळ अर्थ मोडणे, आणि अरबी गणितात तो अपूर्णांकासाठी वापरतात. माझ्या वडिलांना पावकी, निमकी, पाउणकी तोंडपाठ होती. एकोणीस ही संख्या विसाच्या मानाने बिचारी आहे असे त्यांच्या मनातही कधी आले नसेल.

सोन्याच्या शुद्धतेचे एक निराळेच नाटक मी लहानपणी पाहिले. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. ज्या ओळीत बावीस कॅरेटच्या खाली बोलणे कमीपणाचे मानत, तिथे एका रात्रीत शुद्ध सोने बेकायदा आणि मिसळीचे सोने कायदेशीर ठरले. देशभर असंख्य सोनारांचे हात रिकामे झाले. चौदा कॅरेटची अट १९६६ साली उठली, सुवर्ण नियंत्रणाचा कायदा १९९० साली रद्द झाला. आता २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आहे, आणि त्यात १४ कॅरेटलाही रीतसर शिक्का मिळतो. कारण १४ कॅरेटचे सोने खोटे नव्हे. ते १४ कॅरेटचे आहे, एवढेच.

आता इंग्रजीकडे वळू. तिकडे अपूर्णतेला ‘इम्परफेक्शन’ म्हणतात. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘पर’ म्हणजे शेवटपर्यंत आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे. जे शेवटपर्यंत केले गेले ते परफेक्ट, जे करायचे राहिले ते इम्परफेक्ट. मुळात हा शब्द दोष दाखवत नाही, काम अजून चालू आहे एवढेच सांगतो. मोल्सवर्थच्या कोशातला तो न घडवलेला धातूचा गोळा आठवा. व्याकरणाने हा जुना अर्थ जपून ठेवला आहे. आपल्याकडेही ‘तो चालत आहे’ याला अपूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. त्या वाक्यात काही व्यंग आहे असे कोणी म्हणत नाही.

आम्हा नागपूरकरांचा तर हा अपूर्ण काळ खास आहे. पुण्याचा माणूस ‘जेवतो आहे’ म्हणतो, आम्ही म्हणतो ‘जेवून राहिलो’. तरुणपणी मी एका मुलाखतीला गेलो असताना माझ्या तोंडून सहज ‘करून राहिलो’ निघून गेले. समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, ‘‘तुमची भाषा जरा अशुद्ध आहे.’’ क्रिया चालू आहे हे दाखवण्याची ही आमची स्वतंत्र रीत आहे, तिला तिचे नियम आहेत, हे सांगण्याइतके व्याकरण तेव्हा मला येत नव्हते. पुढे आयुष्यभर मराठी शिकवताना ते कळले. पण त्या दिवशी मान खाली गेली ती गेली.

इंग्रजीतला दुसरा शब्द ‘फ्लॉ’. त्याचा मागोवा घेतला तर तो स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतल्या दगडाच्या पातळ थरापर्यंत जातो. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत तो बर्फाच्या पापुद्र्यासाठी वापरलेला सापडतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याला ‘दोष’ हा अर्थ आला, आणि नवल म्हणजे तो आधी माणसाच्या स्वभावाबद्दल आणि मग वस्तूबद्दल नोंदलेला दिसतो. वस्तूची उणीव शोधण्याआधी माणसाची शोधायची घाई तिकडेही होतीच म्हणायची.

पुन्हा ताईकडे येतो. मावशीबाईंच्या प्रश्नावर वडील बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘डाव्या पायाला अधूपण आहे.’’ चार दिवसांनी निरोप आला की स्थळ तयार आहे, पण ठरल्यापेक्षा दोन हजार रुपये जास्त द्यावे लागतील. हुंडाबंदीचा कायदा होऊन आठ वर्षे झाली होती. वडिलांनी पेढीवरच्या सवयीने एका चिठोऱ्यावर आकडा लिहिला, त्यापुढे ‘बट्टा’ असे लिहिले आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग तो फाडून टाकला. ताई दारातच उभी होती. ती एवढेच म्हणाली, ‘‘बाबा, पाय अधू आहे माझा. मी नाही.’’

ते लग्न झाले नाही. ताईने डी.एड. केले, शिक्षिका झाली आणि शेकडो मुलांना पाढे शिकवून निवृत्त झाली. तिच्या हयातीत तिच्यासाठीचे शब्द मात्र बदलत राहिले. लहानपणी गल्लीत वापरत तो शब्द मी इथे उच्चारत नाही. मग अपंग आला, हिंदीच्या वळणाने विकलांग आला. अपंगांच्या समान संधीसाठीचा कायदा १९९५ साली झाला, दिव्यांग हा शब्द २०१५ च्या अखेरीपासून सरकारी वापरात आला, हक्कांचा नवा कायदा २०१६ साली झाला, आणि ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. शब्द बदलण्यामागचा हेतू चांगला असतो. पण बघण्याची नजर तीच राहिली तर नवा शब्दही काही वर्षांत सनवात होतो, आणि पुन्हा नवा सिक्का पाडावा लागतो.

या कायद्यांनी एक गोष्ट मात्र सराफासारखी केली. त्यांनी मोजायला सुरुवात केली. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर अमुक सवलत, तमुक हक्क. ताईने १९९८ साली रेल्वेच्या सवलतीसाठी प्रमाणपत्र काढले. त्यावर आकडा होता ४२ टक्के. घरी येऊन तिने तो कागद मला दाखवला आणि हसत म्हणाली, ‘‘बघ रे, एवढंच होतं. तेव्हा कोणी मोजलंच नाही.’’

मला वाटते, खोट या शब्दाचा दोष तो सराफाच्या दुकानातून आला हा नाही. दुकानातून घरात येताना तराजू तिथेच राहिला, दोष हा आहे. पेढीवर खोट ‘किती’ हे सांगावे लागे. घरात, गावात, मुलाखतीच्या खोलीत नुसते ‘आहे’ म्हटले की पुरते. दोन आण्यांच्या खोटीसाठी अख्खे माणूस बाजूला ठेवले जाते.

ताई आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. मागच्या वर्षी कुठलासा फॉर्म भरताना नातवाने तिला विचारले, ‘‘आजी, इथे अपंग लिहू की दिव्यांग?’’ तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, ‘‘शब्द तुला आवडेल तो लिही. आकडा मात्र बरोबर लिही.’’

मुनिमाची मुलगी ती.