शाईतली चरबी आणि पोथीचे सोवळे

पवित्र शब्दाच्या अशुद्ध उच्चाराने दोष लागतो ही समजूत भारतीय परंपरेत सर्वपरिचित आहे. परंतु तो शब्द लिहिण्याविषयीची साशंकताही तितकीच जुनी आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात नरकगामी माणसांची गणना करताना वेद विकणाऱ्यांच्या आणि वेदांना दूषण देणाऱ्यांच्या पंक्तीला वेद लिहिणारेही बसवले आहेत, तर पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्रावरील ग्रंथाने लिहिलेले पाहून म्हणणाऱ्याला अधम पाठकांत ढकलले आहे. अकराव्या शतकात अल्बेरुनीनेही, ब्राह्मण वेद लिहून ठेवू देत नाहीत आणि आपल्या काळाच्या थोडे आधी काश्मीरच्या वसुक्र नावाच्या पंडिताने विस्मरणाच्या भीतीने ते लिहून काढले, असे नमूद केले. यामागे दोन कारणे दिसतात. उदात्त, अनुदात्त आणि स्वरित, म्हणजे उंच, खालचा आणि मिश्र, हे स्वर साध्या अक्षरात उतरत नाहीत, हे एक. आणि लिहिलेला शब्द कोणाच्या हाती जाईल यावर गुरूचा ताबा राहत नाही, हे दुसरे. पहिले कारण शास्त्राचे आणि दुसरे अधिकाराचे असले, तरी ग्रंथांतून पहिलेच अधिक मोठ्याने सांगितले गेले.

वेदांखेरीज इतर वाङ्मयाबाबत मात्र लेखन हे पुण्यकर्म होते. पुराणाची प्रत करवून दान देण्याची प्रथा होती, आणि महाराष्ट्रात पोथी ही केवळ वाचण्याची नव्हे, तर पूजण्याची वस्तू होती. आडवी सुटी पाने, काजळीत डिंक खलून केलेली शाई, बोरूने काढलेले ठसठशीत बाळबोध अक्षर, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती कापडी बासन असा तिचा थाट असे; तिला पाय लागला तर नमस्कार केला जाई. लिहिताना चूक झालीच तर अक्षर खरवडण्याऐवजी त्यावर हरताळ हे पिवळे खनिज द्रव्य लावून त्यावर पुन्हा लिहीत, आणि मराठीतला ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आलेला आहे. विशेष असे की ज्या जुन्नरी आणि दौलताबादी कागदावर या पोथ्या उतरल्या, तो बनवणारे कागदी मुसलमान होते आणि त्याचा लगदा चिंध्यांचाही असे. त्याबद्दल कोणी विटाळ मानल्याचे दिसत नाही. कागदाला खळ देऊन तो गुळगुळीत घोटला, की त्याचा पूर्वेतिहास पुसला जात असावा. सोवळ्याचे नियम जितके कडक, तितकेच ते सोयीने डोळे मिटणारेही होते.

लिपीचाही येथे संबंध येतो. मराठीचा रोजचा व्यवहार, म्हणजे पत्रे, हिशेब आणि दप्तरे, मोडीत चाले, तर पोथी प्रायः बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत लिहिली जाई. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिला अक्षरे अडकवीत आणि हात शक्य तितका न उचलता पुढे जात. त्या वेगात ऱ्हस्वदीर्घाचा भेद गळून पडे. हिशेबाला तो भेद लागत नाही, पण श्लोकाचे वृत्त त्यावाचून मोडते. पोथीने मोडी टाळली ती विटाळाने नव्हे, तर गरजेने. तथापि गरजेने पडलेल्या पायंड्याला पुढे पावित्र्याचा वास येऊ लागतो, तसा तो बाळबोधीलाही आला.

छपाई या प्रदेशात आली ती परक्या धर्माचे बोट धरून. गोव्यात 1556 मध्ये जेझुइट पाद्र्यांनी छापखाना आणला, आणि थॉमस स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण 1616 मध्ये छापून निघाले तेव्हा नागरी खिळ्यांअभावी ते रोमन अक्षरांत छापावे लागले. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारी ओवी परक्या अक्षरांत उभी राहिली. सुरतेच्या भीमजी पारेखांनी 1670 च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीकडून एक मुद्रक मागवला होता, तो ब्राह्मणी ग्रंथ छापण्याच्या इच्छेने. तो प्रयत्न फसला खरा, पण हिंदू मनाला छपाईचे मुळातच वावडे होते हे सरसकट विधान त्यामुळे टिकत नाही. पुण्यात नाना फडणविसांच्या आश्रयाने भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापण्याचा उद्योग सुरू झाला होता, आणि नानांच्या मृत्यूनंतर, 1805 मध्ये, मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने ती गीता छापली गेली. संस्थानिकाच्या छत्राखाली, तांब्यासारख्या शुद्ध मानलेल्या धातूवर कोरलेली गीता कोणाला खटकण्याचे कारणच नव्हते.

खटकू लागले ते मुंबईत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. तेथे छापील कागद लोकांच्या नजरेस पडे तो बहुधा अमेरिकन मिशनच्या पत्रकांच्या रूपाने, म्हणजे देवांची निंदा घेऊनच. त्यात भर म्हणजे, छापाच्या शाईत चरबी असते असा बोलबाला होता. या शंकेची ‘अंधश्रद्धा’ म्हणून थट्टा करण्याची रीत पुढे पडली, पण ती वस्तुस्थितीला धरून नाही. त्या काळच्या युरोपीय छापखान्यात खिळ्यांना शाई लावण्यासाठी कातड्याचे बोळे वापरत. त्यांच्या जागी रूळ आले, ते जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेल्या सरसात गुळाची काकवी मिसळून ओतलेले असत. आणि हातबनावटीच्या विलायती कागदाला देशी कागदासारखी तांदळाची खळ नव्हे, तर सरसच दिलेला असे. छापील पानाला हात लावण्यास कचरणाऱ्या भटजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्याचा संशय बराचसा खरा होता. काडतुसांच्या चरबीवरून 1857 मध्ये भडका उडाला. तीच भीती पोथीच्या बाबतीत कुजबुजीपुरती राहिली, कारण काडतूस दातांनी तोडणे सक्तीचे होते आणि छापील पोथी घेणे नव्हते.

या कुजबुजीवर तोड काढली ती गणपत कृष्णाजी यांनी. भंडारी समाजातील हे गृहस्थ मिशनच्या छापखान्यात काम पाहून शिकले आणि त्यांनी स्वतःचा शिळाछापखाना उभारला. शिळाछाप म्हणजे गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर स्निग्ध शाईने उलटी अक्षरे उमटवून, दगड ओला करून त्यावर छापाची शाई फिरवण्याची पद्धत. ओला दगड शाई झिडकारतो आणि स्निग्ध अक्षरे ती धरतात. तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभ्या असलेल्या या तंत्रातून स्निग्ध पदार्थ वगळता येत नाही. तो कोणता असावा एवढेच ठरवता येते. सोवळ्या गिऱ्हाइकांसाठी गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले असे सांगितले जाते, आणि ते खरे असेल तर धर्मशास्त्र आणि यंत्रशास्त्र या दोहोंना एकाच वेळी पुरे पडणारे असे उत्तर दुसरे क्वचितच सापडेल, कारण यज्ञात आहुती म्हणून पडणारे द्रव्यच येथे दगडावर पडले.

त्यांनी आरंभ केला तोही विचारपूर्वक, 1831 मध्ये पंचांग छापून. पंचांग घरोघर लागते, त्याचे पूजन होते, पण वर्ष सरताच त्याची योग्यता संपते. त्यामुळे त्याच्या छापील रूपाला धर्मग्रंथाइतका विरोध होणे शक्य नव्हते, आणि एकदा ते भिंतीवर टांगले गेले की पोथीची वाट मोकळी होत होती. त्याच सुमारास मोरभट्ट दांडेकर यांनी जॉन विल्सन या मिशनऱ्याच्या आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका काढली, म्हणजे धर्माच्या बचावालाही छापाचाच आधार घेतला गेला. 1845 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांच्या संपादनाखाली ज्ञानेश्वरी शिळाछापावर निघाली. विरोध मात्र इतक्यात मावळला नाही. गोविंद नारायण माडगांवकरांनी 1863 च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथातही छापील कागदाला न शिवणाऱ्या कर्मठांचा उल्लेख केलेला आहे.

शिळाछापाचा दुसरा गुण असा की त्यात लेखकाचा हात शाबूत राहतो. लेखनिकाने काढलेले वळण, समासातली टीप, पानाचा आडवा आकार हे सारे जसेच्या तसे उतरते, आणि छापील प्रत हस्तलिखिताची जुळी बहीण वाटते. ही सोय हिंदूंपुरती नव्हती. तुर्कस्तानात 1727 मध्ये इब्राहिम म्युतेफेरिकाला छापखान्याची परवानगी मिळाली ती धर्मग्रंथ वगळण्याच्या अटीवर. कुराणाचे सुलेखन खिळ्यांत तुकडे तुकडे होणे श्रद्धावंतांना सोसवत नव्हते, आणि मुंबईसारख्या शहरांतून कुराणाच्या प्रती निघाल्या त्या शिळाछापावरच. दोन्ही समाजांत आक्षेपाचे एक मूळ अक्षरात नसून अक्षर घडवणाऱ्या हाताच्या लोपात होते, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

खिळ्यांच्या छपाईला प्रतिष्ठा मिळवून दिली जावजी दादाजी चौधरी यांनी. मिशनच्या ओतशाळेत लहानपणी खिळे घासणाऱ्या या माणसाने 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांवरून पाडलेल्या नागरी खिळ्यांत संस्कृत ग्रंथांची अशी शुद्ध आवृत्ती निघू लागली की काशीचे पंडितही ती प्रमाण मानू लागले. निर्णयसागरने अनेक ग्रंथ मुद्दाम पोथीच्याच आकारात, सुट्या आडव्या पानांवर छापले. यंत्राला आडव्या पानाची गरज नव्हती. ती वाचकाच्या चौरंगाची होती. गणपत कृष्णाजी काय किंवा जावजी काय, दोघेही ब्राह्मण नव्हते, आणि ज्यांना वेदाधिकार नाकारला गेला होता त्यांच्याच हातून शास्त्रीपंडितांचे ग्रंथ छापून येत होते. या विसंगतीवर शास्त्रीमंडळींनी मौन पाळले, आणि प्रती स्वस्त व शुद्ध असल्याने त्या मौनाचे कारण शोधण्यास फार खोल जावे लागत नाही.

वेदांचा प्रश्न मात्र तुपाने सुटण्याजोगा नव्हता, कारण तेथे आक्षेप शाईला नसून लेखनालाच होता. मॅक्स म्युलरने सायणभाष्यासह ऋग्वेद 1849 ते 1874 या काळात इंग्लंडातून सहा खंडांत प्रसिद्ध केला, आणि शंकर पांडुरंग पंडितांनी 1876 पासून ‘वेदार्थयत्न’ या मासिकातून त्याचे मराठी व इंग्रजी भाषांतर मुंबईत छापण्यास घेतले, तेव्हा वेद म्लेंच्छांच्या हाती गेला की नाही हा वाद उरलाच नाही. अक्षराखालची आडवी आणि वरची उभी रेघ छापातही स्वर दाखवू लागली, आणि शिक्षाग्रंथांच्या शास्त्रीय आक्षेपाला छापखान्याने जमेल तेवढे उत्तर दिले. तरीही वेदपाठशाळेत गुरू एकदा म्हणतो आणि शिष्य दोनदा म्हणतात ही संथेची रीत मोडली नाही. छापील संहिता जवळ असते, शंका आली तर उघडली जाते, आणि शंका फिटली की मिटून पुन्हा कोनाड्यात ठेवली जाते.