प्रथिने : शरीरातील कामे आणि आपला वरण-भात

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या. २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून शरीर हजारो प्रथिने घडवते. त्यांतील ९ अमिनो आम्ले आहारातूनच मिळवावी लागतात.

प्रथिने केवळ स्नायूंसाठी असतात हा समज अपुरा आहे. त्यांची मुख्य कामे अशी :

• बांधणी : त्वचा, हाडे व स्नायुबंधांतील कोलॅजन, केस व नखांतील केराटिन.
• हालचाल : स्नायूंतील ॲक्टिन व मायोसिन.
• वाहतूक : हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू सर्व शरीरात पोहोचवते.
• पचन : ट्रिप्सिनसारखी विकरे अन्नातील प्रथिने तोडतात.
• संरक्षण : प्रतिपिंडे रोगजंतूंना ओळखून अडवतात.
• नियंत्रण : इन्सुलिन रक्तातील साखर ताब्यात ठेवते.

या विषयात आपल्या मध्य प्रदेशाशी नाते असलेले एक मोठे नाव आहे. इंदूरला जन्मलेल्या डॉ. कमला सोहोनी (माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या भगिनी) १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाल्या. तेथे त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांवर काम केले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पेशींच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींतही असते, हे त्यांनी बटाट्यावरील संशोधनातून दाखवले. पुढे मुंबईत त्यांनी कडधान्यांतील ट्रिप्सिनला अडवणाऱ्या घटकांचा अभ्यास केला. हे घटक शिजवल्यावर बरेचसे निष्प्रभ होतात. म्हणून डाळी, कडधान्ये आणि आपल्याकडचे सोयाबीन नीट शिजवूनच खावे.

डाळीत मेथिओनिन कमी, तर भात-पोळीत लायसिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भाताचे मर्म हेच.

निरोगी प्रौढाला दररोज वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. ३० ग्रॅम कच्च्या तूरडाळीतून त्यांतील ६-७ ग्रॅमच मिळतात. बाकीची दूध, दही, उसळ, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी, मासे यांतून घ्यावी लागतात.

शरीरात प्रथिनांचा वेगळा साठा नसतो. कमी पडली की शरीर स्नायूच मोडायला घेते. घरातील आजी-आजोबा रात्री चहा-टोस्टवर भागवत असतील, तर त्यांच्या ताटात एक वाटी घट्ट वरण किंवा दही जरूर वाढावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.