पोटाचा जुना दाह आणि मनाची उदासी : मुळं कुठं जुळतात?

महिनोन् महिने जुलाब, शौचातून रक्त, वजन उतरत चाललेलं. जोडीला झोप उडालेली, कशात मन लागत नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हमाली करणाऱ्याला असं झालं की घरचे म्हणतात, "टेन्शन घेतो म्हणून पोट बिघडलं." आमच्या मते हे अर्धंच खरं आहे.

आतड्यांच्या जुनाट दाहाचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो, क्रोन्स पचनमार्गात कुठंही. (आयबीएस वेगळा, त्यात आतड्याला जखमा नसतात.) क्रोन्सशी जोडलेला नॉड-२ हा जनुक २००१ मध्ये सापडला, २०१२ पर्यंत अशा दाहाशी संबंधित १६३ जागा हाती आल्या. नैराश्याच्या २०१९ मधल्या मोठ्या अभ्यासात १०२ जागा निघाल्या. सहाव्या गुणसूत्रावरचा, रोगप्रतिकाराशी निगडित एचएलए भाग दोन्हीकडे दिसतो.

याचा अर्थ काय? प्रतिकारशक्ती भडकली की टीएनएफ, आयएल-६ सारखे रासायनिक निरोप रक्तातून फिरतात. त्यांचा परिणाम मेंदूवरही होतो. ज्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनतं, ते दुसऱ्याच वाटेला वळतं. शिवाय पोट आणि मेंदू यांच्यात व्हेगस नस आहेच. म्हणून उदासी हा कमकुवतपणा नाही, ईमानाची कमतरता तर नाहीच.

"मुलीच्या लग्नात अडचण येईल" म्हणून आजार लपवणारी घरं आम्ही पाहिली आहेत. जनुकातला एकेक बदल धोका थोडासाच वाढवतो. आईवडिलांना हा आजार असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. नॉड-२ चे युरोपात आढळणारे बदल तर भारतीयांत क्वचितच सापडतात, तेव्हा तिकडची जनुक चाचणी इथं फारशी कामाची नाही.

आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स सारखेच दिसतात, त्यामुळे तपासणीआधी औषध सुरू करू नका. पुण्याला ससूनमध्ये किंवा दुसरीकडे जाल तेव्हा पोटाची आणि मनाची तक्रार एकाच वेळी सांगा. स्टेरॉइडनेही मन बदलू शकतं, तेही सांगा, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका. रमजानमध्ये आजार भडकलेला असेल तर रोजा नंतर कजा करण्याची सवलत आहे. डॉक्टरांना आणि आलिमांना विचारा. मनाच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.